काट्यावर ठेवलेली प्लेट

गुलबर्ग्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत माझा जोडीदार पहिल्याच प्रकारात बाद झाला, आणि तो माझ्यामुळं झाला. त्या दिवशी हे फक्त मला माहीत होतं.

भालकीच्या तालमीत आम्ही दोघं एकाच बारवर सराव करायचो. माझ्या घरची धान्याची आडत होती. तो मुडबीचा, साखर कारखान्यात हंगामी कामाला. मला चिडवायला ‘शेटजी’ म्हणायचा. सरावाची वही मी लिहायचो. डाव्या पानावर मी, उजव्या पानावर तो. बैठक, बेंच, डेडलिफ्ट, किती वजन, किती वेळा, शेवटची खेप कशी गेली, झोप झाली का, गुडघा काय म्हणतो.

“तूच लिही, माझं अक्षर मलाच लागत न्हाई,” म्हणायचा. पण घाम पुसत वाकून बघायचाच.

“‘सोपी’ कामून लिहायलास? डोळे बाहेर आले होते माझे!”

मग मी खोडून ‘जड’ लिहायचो. वहीत खोटं जायचं नाही, यावर आमचं दोघांचं एकमत होतं.

तालमीतल्या प्लेटी एका जुन्या पैलवानानं कोळारला ओतून घेऊन भेट दिलेल्या. वस्तादांची ताकीद होती, “दान आलेल्या लोखंडाला काटा लावायचा न्हाई.” देणाऱ्याचा अपमान होतो म्हणून. प्लेटवर जो आकडा ओतलेला, तेच तिचं वजन, आणि तेच वहीत.

खंडेनवमीला हे लोखंड धुऊन त्याची पूजा व्हायची. त्या वर्षी धुण्याचं काम माझ्याकडं आलं. प्लेटी मी आडतीत आणल्या, कारण तिथं हौद होता. दुकानात काटाही धुऊन पुसून ठेवला होता, विभूतीचे पट्टे ओढायचे बाकी होते. हातात प्लेट, समोर मोकळा काटा. ठेवली. वीसचा आकडा असलेली प्लेट साडेअठरा भरली. दुसरी ठेवली, तीही तेवढीच. मग मी त्यांना विभूती लावली, कुंकू लावलं आणि तालमीत नेऊन ठेवल्या.

वस्तादांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. आम्ही दोघं एकाच वजनगटात होतो, गटातला एकच राज्य स्पर्धेला जाणार होता, आणि उजवं पान डाव्या पानाच्या पुढं होतं. पुढं गेला तर कायम करू, असं त्याला कारखान्यात सांगितलं होतं. तेही मला माहीत होतं. वहीत मी दोघांचेही प्लेटीवर ओतलेलेच आकडे लिहीत राहिलो. वजाबाकी मनात करायचो, फक्त माझी.

गुलबर्ग्याला बैठकीचं पहिलं वजन सांगायची वेळ आली. त्यानं वही उघडली, उजव्या पानावर बोट ठेवलं आणि एकशेचाळीस सांगितलं. बार आणि सहा प्लेटी. तालमीत सहज उठणारं. मी बराच खाली उतरून सांगितलं.

“शेटजी, भ्यालास की काय?”

“अंगात कसकस हाय जरा,” मी म्हणालो.

तिथल्या प्लेटी खऱ्या होत्या. तो खाली बसला आणि वर येईना. बाजूच्या दोघांनी बार धरला. एकदा सांगितलेलं वजन वाढवता येतं, कमी करता येत नाही. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही. बाकावर येऊन बसला आणि कंबरेचा पट्टा सोडत म्हणाला, “पायातच काही न्हाई रे माझ्या.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो.

मी राज्याला गेलो, कुठंच लागलो नाही. तो तालमीत परत आला नाही. हंगाम संपल्यावर मुडबीला शेतीवर गेला. वही माझ्याकडं राहिली. पुढची पानं कोरी.

मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा बसवकल्याणकडं वसुलीला गेलो असताना मुडबीचा फाटा आला आणि मी उतरलो. तो तुरीच्या पेंढ्या बांधत होता. पोट सुटलं होतं, केस पिकले होते.

“शेटजी! वाट चुकलास का?” त्यानं पाणी दिलं. धाकट्या मुलाकडं बोट दाखवून म्हणाला, “ह्याला तालमीत जायचंय म्हणं. मी न्हाई म्हणालो. आमच्या हाडात ते न्हाई.”

मग मला बोलावंच लागलं. खंडेनवमी, हौद, काटा, साडेअठरा. सगळं सांगितलं. अंगात कसकस असल्याचं मी खोटं सांगितलं होतं, तेही.

तो पेंढीवर बसला. हातातली दोरी गुंडाळू लागला.

“म्हंजी पाय बरोबर होते माझे?”

“बरोबर होते.”

“आन् तुला ठावं होतं.”

“व्हय. ठावं असून सांगितलो न्हाई. तू पडावास म्हणूनच सांगितलो न्हाई. माझं चुकलं. मला माफ कर. पोराला तालमीत जाऊ दे.”