दोन हजारांची उचल

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर हातात कोयता आला, पेन नाही. ही वही कुणी वाचणार नाही, तरी तिची माफी मागते.

भाताच्या लावणीला मी स्वतः जोडलेली गाणी म्हणते, त्यात एक अंगाईही. जव्हारचे एक सर, स्वतः कवी, इकडच्या कवींशी बोलून पुस्तक करत होते. ते आमच्या पाड्यावर आले. "ताई, तुम्हीही कवीच," म्हणाले. मी दाराआड झाले. जाताना त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातात दोन हजार ठेवले.

दिवाळीला वीटभट्टीचा शेठ आमच्या हातात असेच आधी पैसे ठेवतो. ती उचल. फिटेपर्यंत तो सांगेल ते करायचं, नाही म्हणायचं नाही.

पुढच्या रविवारी सर मोबाईल पुढे ठेवून बसले. "ते अंगाईचं गाणं कुणासाठी केलंत?"

मी चुलीकडे वळले.

"उचल घेतलीय ना?" नवरा खेकसला. "मग तोंड उघड की!"

सांगितलं. भट्टीवर माझी मुलगी तापाने गेली. दुपारी तिला पुरलं आणि संध्याकाळी मी विटा वाहिल्या, कारण उचल बाकी होती. हे मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं.

मग धीर करून विचारलं, "सर, तुमच्या घरचं कुणी गेलं, त्यावर तुम्ही काय लिहिलं?"

त्यांनी मोबाईल बंद करून उचलला. "ते फार खाजगी आहे, ताई."

पुस्तक निघालं. जव्हारच्या कार्यक्रमात सरांनी माझ्या पोरीचं तेवढंच पान वाचलं. टाळ्या पडल्या. पाड्यावरची एक बाई माझ्या कानाशी लागली, "संध्याकाळी विटा वाहिल्यास? कसं गं झालं तुला?"

लोक उठल्यावर मी सरांपाशी गेले. "सर, उचल फिटली का? अजून किती सांगायचंय?"

सर हसले. "अहो, ते मानधन होतं! नाही सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

चाललं असतं. आणि मी माझी पोर दोन हजाराला सांगून बसले.

मोगऱ्याच्या हंगामात पहाटे दुसऱ्याच्या मळ्यावर रोजाने कळ्या तोडल्या. नवऱ्याला कळू दिलं नाही. पैसे जमले तशी जीपने जव्हारला गेले.

सर घेईनात. "ताई, मला लाजवू नका."

"मोजून घ्या," मी म्हटलं. ते मोजेपर्यंत उंबऱ्यावरून हलले नाही.

दोन हजार. पुरे भरले.