चारशे बाराव्या पानावरचा नावाडी

बाइंडरच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या टकलावर टोप चढला, बातमी आधी त्याच्या दुकानात येते आणि पुठ्ठ्यावरची खळ वाळायच्या आत बाहेर पडते.

या बाइंडरला आणि त्याच्या मेहुण्याला एकच व्यसन होतं, कादंबरीचं. तीही साधीसुधी नव्हे, मालिका. राण्या, चेटक्या, पंखवाले घोडे, अकरा राज्यांची भाऊबंदकी, आणि लेखक अजून लिहितोच आहे. एकेक भाग बाराशे पानांचा; उशाला घेतला तर मान धरावी. मेहुणा घड्याळजी, दिवसभर डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढी चाकं बसवणारा. दोघांत मिळून प्रत एकच घ्यायचे. बाइंडर तिची शिवण उसवायचा आणि एकाची तीन पुस्तकं बांधायचा. थोरलेपणाच्या मानाने पहिलं पुस्तक आधी त्याचं. ते संपलं की मेहुण्याकडे द्यायचं आणि आपण दुसरं उघडायचं. म्हणजे बाइंडर कायम चारशे पानं पुढे. पुढचं बोलायचं नाही, एवढीच अट.

चौथ्या भागापर्यंत ती कशीबशी पाळली गेली. मेहुण्याचा जीव जडला होता एका म्हाताऱ्या नावाड्यावर. राजपुत्र वगैरे मंडळींना मेहुणा हिंग लावून विचारत नसे. एका रविवारी बहिणीकडे जेवायला आला आणि सगळ्यांसमोर पैज लावून सांगू लागला, की शेवटी गादीवर बसणार तो नावाडीच. बाइंडरने बराच दम धरला. दोनदा पाणी प्यायला. पण जीभ कुणाची बांधील असते?

"कसला गादीवर बसतोय," तो म्हणाला. "चारशे बाराव्या पानावर बुडाला तुझा नावाडी."

सगळे हसले. मेहुणा तेवढा हसला नाही. त्याने हात धुतले, बहिणीला येतो म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडचं पुस्तक परत आलं. त्यानंतर पाच वर्षं त्याने या घराचा उंबरा ओलांडला नाही.

बाइंडर आधी म्हणाला, येईल झक मारत. मग म्हणायचंही सोडलं. बायको मात्र ऐकवायची, "लोकांची माहेरं जमिनीपायी तुटतात, माझं एका नावाड्यापायी तुटलं." पाचवा आणि सहावा भाग त्याने एकट्याने वाचला. मागून कुणी येत नसेल तर पुढे असण्यात काही मजा नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

यंदा सातवा भाग आला. दीडशे पानं झाली असतील, आणि नदीच्या गाळातून नावाडी जिवंत वर आला. बाइंडर खळीच्या हातांनीच घड्याळाच्या दुकानाकडे धावला. पायरीवर मात्र त्याचा पाय थबकला. सांगणार काय? सांगितलं तर पुन्हा तोच गुन्हा.

आत जाऊन तो एवढंच म्हणाला, की नवा भाग आलाय, वाच. मेहुण्याने मान वर केली नाही. चिमट्यातलं चाक जागेवर बसवलं. मग त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं.

"एक विचारू, भावजी? तो खरंच बुडाला होता, की माझी फिरकी घेतलीत?"

पाच वर्षं हा माणूस एवढ्याच आशेवर बसला होता. उत्तर बाइंडरच्या अगदी ओठांवर आलं. आणि जन्मात पहिल्यांदा त्याने ते गिळलं.

"तू वाच ना," तो म्हणाला.

"म्हणजे बुडालाच." मेहुण्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

एक गिऱ्हाईक घड्याळाचा पट्टा बदलायला आलं आणि जरा सरकता का, म्हणालं. बाइंडर सरकला. सरकत सरकत दुकानाबाहेर आला. रस्ताभर त्याचे ओठ हलत होते.