सविताताईंची चाळीस मिनिटं

माझ्या अक्षराला आणि चुकांना कुणी हसू नये. चौथीनंतर पेन हातात फारसं आलं नाही. शाळेत खिचडी शिजवते, तिथल्या वहीत सही करते, तेवढंच लिहिणं. पण सविताताईंबद्दल लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. बोलायला मला जमत नाही.

सविताताई मुलांना उत्तर सांगतच नसत. एका संस्थेनं त्यांना आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमलं होतं. ज्यांना वाचता येत नाही अशी तीन-तीन मुलं रोज चाळीस मिनिटं त्यांच्यापुढे बसायची, एक गट उठला की दुसरा. नेकनूरहून सकाळच्या बसनं यायच्या आणि माझ्या स्वयंपाकखोलीसमोरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकायच्या. मूल अडलं की त्या अक्षराखाली बोट ठेवून गप्प बसत. मूल छताकडे बघे, नाक पुसे, माझ्याकडे बघे. ताईंचं बोट हलत नसे. फार झालं तर म्हणत, "येतंय, येतंय. मला घाई न्हाई."

गावात बोलणं सुरू झालं, की ही बाई नुसती बसून पगार घेते. एकदा हेडमास्तरांनीही जाता जाता विचारलं, ताई, डोळा लागला का? त्या हसल्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "मावशी, तुमी खिचडीवरचं झाकण घडीघडी काढता का?" मी नाही अशी मान हलवली. "मग झालं तर."

माझी नात पूजा तेव्हा तिसरीत होती. तिला अक्षरं ओळखू यायची, शब्द जुळायचा नाही. दरवर्षी दिवाळीनंतर माझा मुलगा भारत आणि सून ऊस तोडायला जातात, तिलाही न्यायचे. उन्हाळा लागताना परत येईपर्यंत सगळं विसरलेलं. त्या वर्षी आषाढापासून ती ताईंपुढे बसली, एक दिवस चुकवला नाही. ताप आला तरी गेली, कारण ताई म्हणायच्या, "भाकरी रोज लागती, तसं हेबी रोजचं हाय. काल खाल्लं म्हणून आज चालत न्हाई."

गणपतीच्या सुमारास पूजा ताट घेऊन माझ्यापुढे आली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघत राहिली. कोणत्या वारी काय शिजवायचं ते तिथे लिहिलेलं असतं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "आजी, आज बुधवार हाय. बुधवारी मूगडाळ लिवलीय. तू मटकी कावून केली?"

मूगडाळ संपली होती. ताई व्हरांड्यात इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

दिवाळी झाली. भारतनं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी ताई बस सोडून आमच्या घरी आल्या. पूजाला नेऊ नका म्हणाल्या. चार महिने रोज बसली तर ती धडा वाचेल, आता तुटलं तर पुन्हा अक्षरापासून.

भारत हात जोडून बोलला. "ताई, तुमचं खरं हाय. पण बारकं आठ महिन्यांचं, अंगावर पितंय. त्याला घरी ठिवता येत न्हाई. आमी दोघं फडात. मग त्याला धरायचं कुणी?"

ताईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, तुमी जाता का बाळाला धरायला? पूजा माझ्याकडं राहील, नेकनूरला."

मी गेले असते तर खिचडीचं काम गेलं असतं. त्या कामासाठी गावात तीन बायका टपून होत्या. सून माझ्याकडे बघत होती, पूजा बघत होती. मी खाली बघत राहिले. ताई थांबल्या, मुलांसाठी थांबत तशा. मग चहा न घेता उठल्या.

ट्रक गेला. तिसऱ्या दिवशी ताईंनी भारतच्या फोनवर स्वतःच्या पैशानं रिचार्ज टाकला आणि फोन कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, पूजाकडे ठेवायला सांगितला. दुपारची खिचडी झाली की माझ्या खोलीत बसून फोन लावायच्या. पूजा पुस्तक घेऊन गेली होती, त्यातलं वाचायची. मागे बाळ रडायचं. ती एक ओळ वाचायची, त्याला हलवायची, पुन्हा एक ओळ. तीन महिने तीन रिचार्ज टाकले. मी पैशाचं विचारलं की म्हणत, "तुमचं मानधन आल्यावर बघू." आमच्या दोघींचंही थकलेलं होतं.

पण कोपीवर वीज नव्हती. फोन चार-चार दिवस बंद लागायला लागला. तरी ताई पुस्तक उघडून ती चाळीस मिनिटं बसायच्या. हेडमास्तर म्हणाले, दुसरं पोर घ्या. "जागा पूजाची हाय, सर." संक्रांतीनंतर एक दिवस त्यांनी दुसऱ्या मुलीला हाक मारली. त्या दिवशी माझ्या खोलीकडे बघितलं नाही.

गुढीपाडव्याच्या आसपास पूजा आली. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, कडेवर भाऊ. ताईंनी तिच्यापुढे गणपतीच्या दिवसांत वाचलेलंच पान ठेवलं. पूजाला अक्षरं आली, शब्द जुळला नाही. ताई थांबल्या. बाकीची मुलं उठून गेली, घंटा झाली. पूजाच म्हणाली, "ताई, न्हाई येत आता." ताईंनी पुस्तक मिटलं. त्यांनी असं मिटलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

संस्थेचं काम त्याच महिन्यात संपलं. ताईंना निरोप वगैरे कुणी दिला नाही. सतरंजी झटकली, घडी केली आणि बसला गेल्या.

पुढे त्या बीडला साड्यांच्या दुकानात लागल्या असं कळलं. माझं मानधन दिवाळी होऊन गेल्यावर एकदम मिळालं. मी तिन्ही रिचार्जचे पैसे वेगळे काढले आणि बीडची बस धरली. ताई गिऱ्हाइकापुढच्या साड्या घडी करत होत्या. मला बघून हातातली घडी चुकली.

"पूजा चौथीत ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "परवा गेली. फडावर."

मी पैसे पुढे केले. राहू द्या म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी घेतले, बोट ओलं करून मोजले आणि ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवले.

"सगळे आले, मावशी," म्हणाल्या.