चरख्याचा झेंडा आणि उलटी गाठ

शी! बाबांच्या कचेरीतल्या त्या व्हरांड्याची आठवण झाली की आजही माझं तोंड कडू होतं.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे पडायचे होते. कचेरीत कागदांची वाटणी चाललेली: मराठी जिल्ह्यांचा एक ढीग, तेलुगू दुसरा, कानडी तिसरा. फायली कापडात बांधायचं काम बाबांकडे. बाबा डावखुरे. त्यांची गाठ उलटी बसायची, ती आईशिवाय कुणाला सुटायची नाही. कापड पुरेना, तेव्हा मोठ्या साहेबांनी निजामाचे जुने पिवळे झेंडे फाडायला काढले. हाच माणूस काही वर्षांपूर्वी त्याच झेंड्यापुढे कमरेत वाकून सलाम ठोकत होता. लाज कशी ती नाहीच मेल्याला!

आमच्याकडे एक तिरंगा होता. निजामाच्या राज्यात तो बाळगणं गुन्हा होता तेव्हा आईने हैदराबादेत, मलकपेठच्या घरात दार लावून तो शिवला, मधोमध चरखा भरला आणि माझ्या गोधडीच्या थरांत दडवला. मी रोज तीच गोधडी पांघरायची, नि मला पत्ता नाही! बाबांची औरंगाबादला बदली झाली तेव्हा तिने गोधडी उसवली.

"या गावात तो एकदा वर चढलेला बघायचाय मला," ती म्हणाली.

बाबांनी तो झेंडावंदनासाठी साहेबांकडे नेऊन दिला. चरख्याच्या जागी आता चक्र आलंय, हे आईला ठाऊक होतं. पण दोन्ही चाकंच की, असं तिला वाटलं. चरख्याचा झेंडा आता चालत नाही म्हणून साहेबांनी तो चढवला नाही.

"नियम आहे तर नियम," आई म्हणाली. "माझा मला परत आणून द्या."

बाबा रोज म्हणायचे, "उद्या आणतो."

निघायच्या आदल्या दिवशी आई मला घेऊन थेट कचेरीत गेली. व्हरांड्यात मराठी जिल्ह्यांचे गठ्ठे रचलेले. एका गठ्ठ्याला आमचा झेंडा गुंडाळलेला, चरख्यावर शाईचा हा एवढा डाग!

"क्या बाई, कपडाच है ना," साहेब हसत म्हणाले.

थुंकावंसं वाटलं मला त्यांच्यावर. पण आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती गाठीकडे बघत होती. गाठ उलटी होती.

तिने ती एका झटक्यात सोडली. फायली फरशीवर पसरल्या. बाबा टेबलामागे मान खाली घालून पुटपुटले, "साहेबांनी दिला. नको म्हटलं असतं आणि बदली अडवली असती तर?" माझे बाबा! साहेबांपेक्षा मला त्यांचीच जास्त किळस आली.

दुसऱ्या दिवशी काचीगुड्याच्या फलाटावर वळकटी सुटली. बाबा बांधायला वाकले. आईने त्यांचा हात बाजूला सारला.

"गाठ मी मारते."

पुढे तीस वर्षं त्यांनी संसार केला. आमच्या घरात बाबांना तिने एकही गाठ मारू दिली नाही.