हात पुढे धरले तेव्हा

डिसेंबरचा दुसरा रविवार. सकाळी साडेसातला मी कळंब्याकडच्या एका मैदानावर गोलच्या जाळीच्या गाठी तपासत होते. तलावावरून आलेलं धुकं हलत नव्हतं. या गोलपाशी उभं राहिलं की पलीकडचा गोल दिसत नव्हता. तो अंधुक दिसायला लागला तसा मुलींचा फुटबॉल सामना सुरू केला. शेहेचाळिसाव्या वर्षी परीक्षा देऊन पंच झाले होते आणि हा माझा तिसराच सामना.

दोन्ही संघांना आधीच बजावलं होतं, मी बोलावल्याशिवाय बाहेरच्यांनी आत यायचं नाही. मला शिकवणाऱ्या जुन्या पंचांनीही मला बजावलं होतं, "मॅडम, आपली पब्लिक हाय ही. शिंकलं तरी फाऊल मागत्यात. कान घरात ठेवून यायचं."

उत्तरार्धात गारगोटीच्या संघातल्या एका मुलीनं चेंडू पुढे दिला आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या संघातल्या मुलीचं कोपर तिच्या डोक्यावर बसलं. फाऊलच होता. पण चेंडू तिच्याच जोडीदारणीला मिळाला होता आणि पुढं रान मोकळं होतं. अशा वेळी खेळ थांबवला तर ज्यांच्यावर फाऊल झाला त्यांचंच नुकसान. म्हणून शिटी वाजवायची नाही, दोन्ही हात पुढे धरायचे. मी धरले, "खेळा!" म्हणाले आणि चेंडूबरोबर पळाले.

"ओ बाई, चष्मा इसरलासा काय?"

"मागं बघा की! मागं!"

मी कान घरीच ठेवले होते.

मग ओरडणं एकदम थांबलं. आमच्याकडे मैदान कधी गप्प होत नाही. चेंडू जाळीत गेला, तरी कुणी उडी मारली नाही. गोल करणारी मुलगी मागं वळली आणि तिनं तोंडावर हात घेतला. तेव्हा मी वळले.

कोपर लागलेली मुलगी उताणी पडली होती. डोळे उघडे. डोक्याला मार बसून ताठलेले दोन्ही हात हवेत सरळ, बोटं फाकलेली. माझीच खूण. हातांमधून धुकं सरकत होतं. तिचे प्रशिक्षक औषधांची पिशवी घेऊन रेषेवर उभे होते, पाय आत न टाकता, माझ्याकडे बघत. सगळं मैदान माझ्या शिटीसाठी थांबलं होतं.

मी शिटी वाजवली. ते हात सावकाश, आपोआप खाली आले. तिला फळीवर घालून नेलं, तेव्हाही ती कुणाला ओळखत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेले. ती उशीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, गोल दिलासा न्हवं?"

"दिला."

हातांचं तिला काही आठवत नव्हतं. मीही सांगितलं नाही. तिच्या आईला मात्र बाहेर नेऊन म्हणाले, "मी मागं बघायला पाहिजे होतं."

"व्हय, पायजे हुतं," आई म्हणाली. "मी घसा फुटंस्तोवर वरडत हुतो की."

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि सामन्याच्या अहवालात लिहिलं : खेळाडू निपचित पडली असताना खेळ चालू ठेवला. चूक पंचाची. खाली सही केली आणि तो संघटनेच्या कचेरीत द्यायला निघाले.