दात बघून सांगितलेलं वय

घोडेगावच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून मी वय सांगायचो, आणि ते खोटं पाडायची कुणाची टाप नव्हती. दुधाचे दात असले तर बैल आदत, म्हणजे अजून वासरूच. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही आले की जुळला, पुऱ्या कामाचा झाला. वडील गेल्यावर विसाव्या वर्षी मी त्यांची दलाली हाती घेतली आणि त्यांच्यापेक्षा चोख केली. खुशाल गर्व म्हणा. होताच मला.

म्हणून तर माती खाल्ली.

तेव्हा लढाई चालू होती. भरतीवाले बाजारातच लिंबाखाली टेबल मांडून बसायचे. माझा धाकटा भाऊ सोळा वर्षांचा. त्याला आगगाडी, बूट आणि समुद्र, तिन्ही एकदम पाहिजे होते. जर्मनांशी आमचं काय वाकडं होतं हे ना त्याला ठाऊक, ना मला. तो माझ्या मागंच लागला, "दादा, अठरा झाली म्हणून तू सांग. तुजा शब्द चालतो हितं." आईनं सकाळीच बजावलं होतं, "त्यो ल्हान हाय. त्याच्यावर ध्यान ठेव." मी मान डोलावून निघालो होतो.

हवालदार भावाकडे बघून हसला. "मिसरूड फुटलं नाही आणि म्हणे अठरा!"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आवो, त्याच्या भावाला इचारा की! दात बघून सांगंल!"

भोवती सगळा बाजार. मला चेव आला. भावाची हनुवटी धरली, जबडा उघडला, अंगठा आत फिरवला. अक्कलदाढेचा पत्ता नव्हता, मागची हिरडी नुसती मऊ. आणि मी ठणकावून सांगितलं, "जुळलाय! लिहा अठरा." लोक खो खो हसले. माझा अंगठा तोंडात असतानाच भाऊही हसला. हवालदारानं लिहून घेतलं.

आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. पोस्टमन दारावरून पुढे गेला की माझ्याकडे नुसती बघायची. मी म्हणायचो, "अगं, येतोय की नाही बघ!"

आणि आला! लढाई संपल्यावर धडधाकट आला, पायात बूट घालून. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी छाती फुगवून म्हणालो, "झालं ना माझं खरं?"

पुढच्या बाजारी तो माझ्याबरोबर आला. एका गिऱ्हाइकासाठी मी खोंडाचा जबडा उघडून अंगठा आत घातला, तर भावानं माझं मनगट धरलं.

"दादा, नको."

"का रं?"

"इटलीत एका वढ्यावर एक जर्मन समोर आला. वढा ना त्याचा हुता, ना माजा. मी आदी गोळी घातली. त्यो तोंड उघडं टाकून पडला. आपल्या घरची खोड, दादा. मी वाकून दात बघितले."

त्यानं माझं मनगट सोडलं.

"आदत हुता," तो म्हणाला. "मागची दाढ न्हवती. त्यालाबी कुनी थोरला भाऊ आसंल. जुळलाय म्हनून त्यानंबी सांगितलं आसंल."

तो चिडला असता, चारचौघांत माझी गचांडी धरली असती, तर बरं झालं असतं. तो चिडला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मला मात्र त्या भर बाजारात एवढी लाज वाटली, की तोंड कुठं लपवू असं झालं.

गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "सांगा की, मालक. किती दाती हाय?"

माझा अंगठा अजून खोंडाच्या तोंडात होता. तो मी बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"तुमीच बघा," मी म्हणालो.