माळ्यावरचं बियाणं

गिरणवालीला सगळे इंजिनबाई म्हणत. नवरा गेल्यावर गिरण तिनेच चालवली, आणि त्या धडधडीवर ओरडून ओरडून आवाज असा झाला, की तिने कानात सांगितलेलं गुपित पाणवठ्यावर ऐकू यायचं.

गावाचं बियाणं तिच्या माळ्यावर असायचं. डिझेलच्या धुराने तिथे कीड फिरकत नाही, म्हणून जो तो आपला बारका पिवळा मका फडक्यात बांधून तिच्या हवाली करी. फडकं बघून ती मालक सांगायची. दुष्काळात लोकांनी भांडीकुंडी विकली, पण माळ्याला हात लावला नाही.

मग परदेशातून मदतीचा मका आला. त्याचं बी म्हणे प्रयोगशाळेत बदललेलं. रेडिओवर एक म्हणे विष आहे, दुसरा म्हणे उपाशी माणसाने नखरे करू नयेत. तावातावाने भांडायचे आणि जेवणाची वेळ झाली की भांडण उद्यावर ढकलायचे. पोती तोवर गोदामात.

शेवटी तोडगा निघाला: दळूनच वाटा. अख्खा दाणा दिला तर लोक पेरतील आणि गावातलं जुनं वाण बाटेल. इंजिनबाईला ते पटलं. वाणाची काळजी तिलाही होती.

वाटपाचा सरकारी साहेब पोती घेऊन गिरणीत आला. दारात बायकांची रांग लागली. साहेबाने मान वर केली.

"वर काय?"

"गावाचं बी."

"तेही पिवळंच ना? वाटेत पोती फाटली होती. त्यातलं नाही कशावरून?"

"डोळे आहेत ना? दाणा बघा की! आमचा तुमच्या निम्मा."

"ते तपासणीशिवाय सांगता येत नाही, बाई. गिरणीत अख्खा दाणा राहिला तर मला वाटप करता येणार नाही. सगळं दळा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जे वाचवायला निघालात तेच भरडायला सांगता? लाज कुठल्या गोदामात ठेवलीत?" तिने इंजिनाचं हँडल उपसलं आणि पदराआड धरलं. "नाही दळत. जा."

रांगेत कालवा उठला. तिची धाकटी जाऊ पुढे आली. काखेतलं पोर रडायचंही थांबलं होतं.

"जाऊबाई, हँडल लावा."

"अगं, तुझंही बी आहे वर! निळं फडकं!"

"माहीत आहे. मीच बांधलंय." जाऊ तिच्याकडे बघत नव्हती. "पेरायला हा जगला पाहिजे ना."

इंजिनबाईने पदराआडचं हँडल काढून पुन्हा इंजिनाला लावलं. ती शिडी चढली. एकेक फडकं सोडून गावाचं बी घमेल्यात ओतलं आणि खाली आणून परदेशी मक्यावर पालथं केलं. इंजिन लागलं. पीठ पडू लागलं.

पहिली ओंजळ भरून ती साहेबासमोर उभी राहिली. गरम पीठ त्याच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडलं.

"घ्या, करा तपासणी," ती इंजिनावरून गरजली. "यातलं तुमचं कुठलं, आमचं कुठलं, सांगा!"

साहेब सदरा झटकू लागला. तिने निळं फडकं जावेच्या खांद्यावर टाकलं आणि सगळ्यात आधी तिचं भांडं भरलं.